‘जंगल’ म्हणजे मुळात कोरडा मुलूख

प्रश्न : ‘वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे वाळवंटांचं जंगल होत आहे’ असं वाक्य वाचलं. इथे ‘जंगल’ योग्य की ‘अरण्य’?

उत्तर : दोन्ही अयोग्य, आणि वाक्यातला दावाही चुकीचा. हे वाक्य वारंवार कानावर येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘अरण्य’चं मराठीत ‘रान’ झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खरी गंमत ‘जंगल’मध्ये आहे. संस्कृत ‘जांगल’ म्हणजे घनदाट झाडी नव्हेच. सुश्रुतसंहितेत देशाचे आनूप, जांगल आणि साधारण असे प्रकार केले आहेत. आनूप म्हणजे पाणथळ. जांगल म्हणजे आकाशासारखा मोकळा, कमी पावसाचा, उष्ण वाऱ्याचा आणि विरळ, खुरट्या, काटेरी झाडांचा. हे तर झुडपी वाळवंटाचंच वर्णन झालं! ‘जंगल’ फारसीतून आलं असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ते एकदा वाचावं. फारसीत हा शब्द आहे, पण तो तिकडे गेला तो इकडूनच.

मग अर्थ उलटला कसा? ओसाड म्हणून पडीक, पडीक म्हणून माजलेलं, माजलेलं म्हणून घनदाट, अशी उतरंड सहसा सांगतात. मला ती अपुरी वाटते. माझ्या मते खरा दुवा काट्यांचा आहे. काटेरी झुडपांत माणसाला शिरता येत नाही, तसंच गर्द झाडीतही. ‘शिरता न येणारी जागा’ हा अर्थ टिकला आणि तिथे पाणी किती, ही मूळ अट गळून पडली. आजही ‘मागे नुसतं जंगल माजलंय’ म्हणताना उंच वृक्ष कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. येतात ती झुडपं, काटे आणि गुडघाभर गवत.

आता दावा. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पर्णरंध्रं थोडी मिटतात आणि तेवढंच अन्न तयार करायला झाडाचं पाणी कमी खर्ची पडतं. उष्ण, रुक्ष प्रदेशांत १९८२ ते २०१० या काळात, पावसातला फरक वजा केल्यावरही, पानांचं आच्छादन सुमारे ११ टक्के वाढल्याचं उपग्रहांच्या नोंदींवरून दिसलं. पण पालवी वाढली म्हणजे जंगल उगवलं असं होत नाही.

अमेरिकेत नेवाडातल्या मोहावी वाळवंटात १९९७ ते २००७ या काळात उघड्या जमिनीवर हा वायू सोडून त्याचं प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ५५० भाग इतकं ठेवलं होतं. १९९८ साली भरपूर पाऊस झाला, तेव्हा लॅरिया झुडपाची नवी वाढ दुप्पट झाली. कोरड्या वर्षांत मात्र काही फरक पडला नाही, कारण पाणी तुटलं की रंध्रं आधीच मिटलेली असतात. जादा वायू आत शिरणार कुठून? त्यात मातीतला नायट्रोजन तुटपुंजा. दहा वर्षांनी झाडझाडोरा काढून वजन केलं, तर वायू सोडलेल्या आणि न सोडलेल्या भागांत ठळक फरक निघाला नाही. मातीतला कार्बन मात्र वाढलेला होता.

ओल्या वर्षी खरं फावलं ते बाहेरून आलेल्या, एका हंगामात वाळून जाणाऱ्या ब्रोमस गवताचं. एरवी दोन झुडपांमधली उघडी माती आग अडवते. तिथे हे गवत वाळून उभं राहिलं की आग या झुडपाकडून त्या झुडपाकडे सरकते, आणि मोहावीतली बरीच झुडपं जळाल्यावर बुंध्यातून नीट फुटत नाहीत. मग झुडपांच्या जागी गवतच उरतं. सुश्रुताच्या अर्थाने पाहिलं तर इथे जांगल वाढत नाही, घटतंय.

तेव्हा वाक्य असं लिहावं : ‘कार्बन डायऑक्साइड वाढल्याने पावसाच्या वर्षी वाळवंटी झुडपांची पालवी वाढते.’ ‘पावसाच्या वर्षी’ हे शब्द गाळू नयेत.