गाठ काढल्यावर सार्कोमा निघाला तर: दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी मेणाचे ब्लॉक मिळवा

तुमची पोस्ट वाचून मला माझाच नऊ वर्षांपूर्वीचा आठवडा आठवला. तुमच्या ताईच्या मांडीतली ७ सेंटीमीटरची गाठ साधी चरबीची म्हणून काढली, रिपोर्ट आला मिक्सॉइड लायपोसार्कोमा (चरबीतून होणारा सार्कोमाचा एक प्रकार), मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेलाही कॅन्सरच्या पेशी, आणि आता तेच सर्जन म्हणतायत की पुढच्या आठवड्यात परत उघडून आजूबाजूचं थोडं काढून टाकू. तुम्ही विचारताय की लगेच करावं का, रेडिएशन आधी की नंतर, पाय जाईल का, आणि ताईला किती सांगायचं. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे त्या हिशोबानेच वाचा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पुढच्या आठवड्यात नको. दुसरं ऑपरेशन बहुतेक लागेलच, कारण अशी नकळत काढलेली गाठ असते तेव्हा मागे काहीतरी उरलेलं बऱ्याच जणांत सापडतं. पण ते कुणी करायचं आणि कशाच्या आधी की नंतर, हे ठरायला दोन-तीन आठवडे गेले तर चालतात (महिने नाही हं, आठवडे). मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये सॉफ्ट टिश्यू सार्कोमा (चरबी, स्नायू असल्या मऊ भागांतला कॅन्सर) जेमतेम १ टक्का, आणि त्यातही ५० च्या वर प्रकार, म्हणजे चांगल्या, हाताला यश असलेल्या सर्जननेसुद्धा आयुष्यात दोन-चारच बघितलेले असू शकतात. त्यांचा दोष काढत बसू नका, पण पुढचं ऑपरेशन रोज हेच करणाऱ्या टीमकडे जाऊ द्या, जिथे सर्जन, रेडिएशनवाले, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात.

आणि तिथे जाताना हातात फक्त रिपोर्टचा कागद नको, ब्लॉक आणि स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्ट्या) हव्यात. गाठीचे तुकडे मेणात बसवून ठेवलेले असतात, प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार डबीवर, काडेपेटीहूनही लहान. माझ्या पोटरीतल्या गाठीचा पहिला रिपोर्ट फायब्रोसार्कोमा होता. ब्लॉक दुसरीकडे गेले, त्यांनी एसएस१८ जीनची फिश टेस्ट केली (पेशीतला जीन तुटलाय का ते बघतात) आणि निघाला सायनोव्हियल सार्कोमा. तुम्हाला वाटेल नाव बदललं तर काय एवढं, पण माझी सगळी केमो त्या नावावर ठरली. (नावावर जाऊ नका, सायनोव्हियलचा सांध्याच्या अस्तराशी तसा संबंध नसतो, पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्यांना तसं दिसलं म्हणून ते चिकटलं.) ताईच्या बाबतीत डीडीआयटी३ जीनची टेस्ट करतात. आणि रिपोर्टमध्ये राउंड सेल (गोल पेशी) किती टक्के हे लिहिलंय का ते बघा, नसेल तर मुद्दाम विचारा. ५ टक्क्यांच्या वर असेल तर तो हाय ग्रेड, म्हणजे जास्त आक्रमक धरतात आणि मग केमोचं बोलणं सुरू होतं.

स्कॅनचंही एक सांगते कारण हे माझ्यापेक्षा ताईचं वेगळं आहे. सार्कोमा पसरला तर बहुतेक वेळा फुप्फुसात जातो म्हणून छातीचा सीटी सगळ्यांचाच होतो. पण मिक्सॉइड लायपोसार्कोमाला मणक्यात, पोटाच्या मागच्या चरबीत, असल्या आडवाटेला जायची खोड आहे, आणि मणक्यातलं पेट (PET) स्कॅनमध्ये सुटू शकतं. तेव्हा मणक्याचा किंवा पूर्ण अंगाचा एमआरआय करायचा का, हे विचाराच.

आता रेडिएशन. ऑपरेशनच्या आधी दिलं तर साधारण ५० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप), २५ वेळा, पाच आठवडे. नंतर दिलं तर ६० ते ६६ ग्रे आणि जागाही मोठी घ्यावी लागते. कॅनडातल्या एका मोठ्या ट्रायलचे आकडे २००२ मध्ये आले, जखमेचा त्रास आधी दिलेल्यांत ३५ टक्के आणि नंतर दिलेल्यांत १७ टक्के. हे वाचून कुणीही म्हणेल नंतरच द्या. पण पुढे जाऊन पाय कडक होणं, सूज राहणं, हे नंतर दिलेल्यांत जास्त. माझे रेडिएशनचे डॉक्टर म्हणाले होते, "जखम उशिरा का होईना भरते, कडकपणा मात्र घरीच राहायला येतो." मी आधी घेतलं, जखम अकरा आठवडे भरली नाही, रोज ड्रेसिंग, रोज तोच वास, एकदा रडून झालं की परत पट्टी. आज मी जिना चढते. त्यात ताईचा प्रकार रेडिएशनला चांगला दबतो, इतका की याच प्रकारासाठी ऑपरेशनच्या आधी ३६ ग्रेवर भागतं का हे तपासून चांगले निकाल आलेत. तिच्या बाबतीत गाठ आधीच काढलीये म्हणून ते लागू होईलच असं नाही, पण प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

पाय जाईल का, हे मी पण पहिल्या रात्री विचारलं होतं. १९८२ साली ४३ पेशंटांची एक ट्रायल छापून आली, काहींचा पाय किंवा हात कापला, बाकीच्यांचा वाचवून रेडिएशन दिलं, आणि जगण्यात फरक पडला नाही. तेव्हापासून वाचवणं हाच नियम आणि कापणं अपवाद. ताईचा व्रण उभा आहे की आडवा बघा. माझा आडवा होता आणि ड्रेनचं (जखमेतलं पाणी काढायच्या नळीचं) भोक लांब बाजूला पाडलेलं, दुसऱ्या वेळी तो सगळा पट्टा कापावा लागला आणि मांडीची कातडी काढून तिथे लावली.

केमोबद्दल थोडक्यातच, कारण माझं तुमच्या कामाचं नाही. मला डॉक्सोरुबिसिन (लाल सलाईन, लघवीही लाल होते, घाबरू नका) आणि आयफोस्फामाइड होतं. डॉक्सोरुबिसिनला आयुष्यभराची मर्यादा असते, हृदयावर परिणाम होतो म्हणून, तेव्हा आधी टू-डी इको आणि किती डोस झाला याचा हिशोब स्वतःच्या वहीत. आणि "अमक्याला सार्कोमावर एका गोळीनेच बरं वाटलं" असं कुणी सांगितलं तर आधी विचारा कुठला सार्कोमा. जीआयएसटीवर (जठर-आतड्यातला सार्कोमा) इमॅटिनिब नावाच्या गोळीने कमाल केली, ती गोळी ताईला उपयोगाची नाही.

आता मनाचं. ऑपरेशन, केमो वगैरेमध्ये माणूस कामात असतो, कठीण जातं ते नंतर. तिसऱ्या वर्षी माझ्या फुप्फुसात ६ मिलिमीटरचा ठिपका दिसला आणि टीम म्हणाली तीन महिने थांबू, एवढ्याशा ठिपक्याची बायोप्सी नीट होत नाही आणि तो काहीही असू शकतो. मला वाटलं हे लोक मला सोडून देतायत. मी दुसरीकडे दाखवलं, तिथेही तेच सांगितलं. ते तीन महिने मी कसे काढले, तर नवऱ्याशी ठरवलं की ठिपक्याविषयी बोलायचं फक्त रविवारी सकाळी, चहा संपेपर्यंत. बाकीच्या वारी विषय निघाला की तो म्हणायचा "रविवार". पहिले दोन आठवडे मला त्याचा राग आला, नंतर मीच म्हणायला लागले. ठिपका वाढून ९ झाला, दुर्बिणीतून काढला, तोच सार्कोमा निघाला. त्याला आता सहा वर्षं होतील. अजूनही स्कॅनच्या आधी चार दिवस मी सगळ्यांवर ओरडते, घरचे तारीख बघून गप्प बसतात.

ताईला किती सांगायचं हे तुम्ही ठरवू नका, तिलाच विचारा. माझ्या भावाने पहिला रिपोर्ट चार दिवस लपवला, प्रेमापोटीच, पण मग पुढे दोन वर्षं तो "सगळं नॉर्मल" म्हणाला तरी मी कागद हातातून ओढून घ्यायचे. सरळ विचारा की आकडे ऐकायचेत की फक्त पुढची पायरी. आज एक म्हणेल, महिन्याने दुसरं, तेही चालतं.

उद्या लॅबमध्ये जाल तेव्हा लेखी अर्ज, ताईच्या ओळखपत्राची कॉपी आणि रिपोर्टची झेरॉक्स न्या. एमआरआयची नुसती फिल्म नको, सीडी मागा. आणि ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळतो का ते काउंटरवर उभं राहूनच तपासा. माझ्या वेळी शेवटचा आकडा वेगळा होता, ते मला दुसऱ्या हॉस्पिटलच्या खिडकीवर कळलं आणि पाच दिवस गेले.