ग्लॅडिओलसची सुकलेली फुलं खुडली तर पुन्हा फुलं येतात का?

तुम्ही विचारलंय की नाशिकमध्ये गच्चीवर लावलेल्या ग्लॅडिओलसची खालची फुलं सुकलीत, वर अजून कळ्या आहेत. तर अख्खा दांडा कापायचा की फक्त सुकलेली फुलं खुडायची, आणि त्याने गुलाबासारखा नवा बहर येतो का.

बहर येत नाही, हे आधी सांगून टाकतो. गुलाबाची फांदी छाटली की खालच्या डोळ्यातून फुटवा निघतो. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी बघत आलेल्या आपल्या नाशिककरांना तर कात्री लावली की फुटलंच पाहिजे असं वाटतं. ग्लॅडिओलसचा दांडा मात्र एकदाच फुलतो. कंद चांगला पोसलेला असेल तर दोन दांडेही येतात, पण ते कंदाच्या जोरावर, छाटणीमुळे नाही.

तरीही खुडाच. बी धरलं की झाडाची ताकद तिकडे जाते, आणि आपल्याला ती कंदात हवी असते.

फुलं खालून वर उमलत जातात, म्हणून दांडा आत्ता कापू नका. सुकलेलं फूल नुसतं ओढलं तर पाकळ्या हातात येतात आणि काम अर्धवट राहतं. दोन हिरव्या आवरणांच्या आत, फुलाच्या बुडाशी, छोटा हिरवा मणी दिसेल. बी तिथेच धरतं. अंगठा आणि तर्जनी आवरणापर्यंत खाली नेऊन मण्यासकट फूल हलकेच पिळून काढा. दुसऱ्या हाताने दांडा धरून ठेवा, तो पटकन मोडतो. थंडीत सकाळी दव पडलं की सुकलेल्या पाकळ्या कळ्यांना चिकटून कुजतात, बुरशी धरते. त्यासाठीही हे बरं.

शेवटची कळी फुलून गेली की दांडा पानांच्या वर, सर्वात खालच्या फुलाच्या जरा खाली कापा. पानांना मात्र हात लावू नका. मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच. फुलं संपली की कुंडी भकास दिसते आणि लोक पानं बुडापासून छाटून टाकतात. पण जुना कंद आटत जातो आणि त्याच्यावर पुढच्या वर्षीचा नवा कंद पोसला जातो तो याच पानांवर. फुलदाणीसाठी दांडा कापतानाही (खालच्या एकदोन कळ्यांनी रंग दाखवला की कापावा) झाडावर निदान चार पानं ठेवा.

पुढे ६ ते ८ आठवडे, पानं पिवळी पडेपर्यंत, बेताचं पाणी चालू ठेवा. मग पाणी तोडून कंद काढा. खालची सुकलेली जुनी चकती सोडवून टाका, भोवतालचे बारके कंद वेगळे ठेवा. त्यांना फुलावर यायला एखाद-दोन हंगाम लागतात. सावलीत सुकवून, बुरशीनाशकाची भुकटी लावून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत हवेशीर जागी टांगा. जमिनीत लावले असतील तर काढणं टाळूच नका, आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी धरून राहतं आणि कंद सडतात.

आणि फुलं जास्त दिवस हवी असतील तर सप्टेंबरअखेरपासून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे कंद लावत जा. लावल्यापासून साधारण दोन ते तीन महिन्यांत दांडे येतात, म्हणजे डिसेंबरपासून पुढे एकामागून एक कुंड्या फुलत राहतील.