पिशवीतली दोन वजनं

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही ख्रिस्ती आहात, सहा महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिकल मालाचं दुकान टाकलंय, आणि कमिशन, कच्चं बिल, टक्केवारी याशिवाय इथे धंदा होतच नाही असं जो तो सांगतोय. मग विश्वास आणि पावित्र्य सांभाळून दुकान चालवायचं कसं?

माझं नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सिमेंट-सळईचं दुकान आहे, २००४ पासून. आमच्या आजोबांच्या पिढीतले बहुतेक जण मिशनच्या शाळेत नाहीतर दवाखान्यात नोकरीला. धंद्यात पडणारा विरळा. त्यामुळे गल्ल्यावर बसून देवाला कसं धरून राहायचं, हे शिकवणारं घरात कुणी नव्हतं. जे शिकलो ते चुकून शिकलो. म्हणून आधी माझी चूक सांगतो.

१२ एमएमची सळई १२ मीटर लांब असेल तर तिचं हिशेबी वजन १०.६६ किलो. सरकारी मानकानुसार या जाडीला पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे १०.१३ किलोच्या खाली जाता कामा नये. मी एका छोट्या मिलचा स्वस्त माल घ्यायचो. तो भरायचा ९.८ किलो. मी खरेदी करायचो भुईकाट्यावर, भरेल तेवढ्या वजनाचे पैसे देऊन. विकायचो मात्र नगावर, १०.६६ गुणिले त्या दिवसाचा भाव. दोनशे सळयांमागे १७२ किलो लोखंड गिऱ्हाइकाला न देताच त्याचे पैसे माझ्याकडे यायचे. त्या वेळी किलोला ४५ रुपये धरले तरी साडेसात हजारांच्या वर. बाजारात सगळेच नगावर विकत होते, आणि मी कुणाशी शब्दाने खोटं बोलत नव्हतो. चार वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो.

एक निवृत्त शिक्षक घर बांधत होते. एका सकाळी ते सहज म्हणाले, "एक सळई काट्यावर ठेवता का? वहीत लिहून ठेवतो." शिक्षकाची सवय, संशय अजिबात नव्हता. माझा हात काट्याकडे गेला आणि थांबला. मी म्हणालो, "सर, काटा बिघडलाय." काटा ठणठणीत होता.

त्या रात्री बायबल उघडलं ते त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायावर. तुझ्या पिशवीत दोन तऱ्हेची वजनं नसावीत, एक जड आणि एक हलकं. तोवर मी हे वचन तागडीत दगड टाकणाऱ्या वाण्यासाठी आहे असं समजत होतो. घ्यायला भुईकाटा आणि द्यायला नग, ही माझीच दोन वजनं होती. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायात एफा, म्हणजे धान्याचं माप, लहान आणि शेकेल, म्हणजे पैसे तोलायचं वजन, मोठा करणारे लोक आहेत. ते शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, कधी संपतो याची वाट बघत बसायचे. मीही रविवारी उपासनेला बसायचो आणि त्याच नफ्यातून दशांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, पाकिटात घालायचो. दशांशाने कमाई धुऊन निघत नाही, हे तेव्हा फार आतवर लागलं.

आमच्या चर्चच्या पाळकांशी बोललो. येशू भेटल्यावर जकातदार जक्कयाने चौपट परत केलं ते सगळ्यांना माहीत असतं. पण बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नियम त्यांनी दाखवला: घेतलं तेवढं परत, वर पंचमांश. जुनी बिलबुकं काढून बायकोने आणि मी नावं, नग, त्या दिवशीचा भाव लिहून काढले. वर्षभर हप्त्याहप्त्याने दिले. पहिले त्या सरांकडे गेलो, काट्याचं खोटंही सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी पैसे मोजून घेतले आणि वहीत जमा लिहिले. मला ते बरं वाटलं. माफीपेक्षा हिशेब पुरा होणं त्या दिवशी जास्त गरजेचं होतं. तेव्हापासून सळई फक्त काट्यावर विकतो, गिऱ्हाइकाला समोर उभं करून.

आता तुमच्या प्रश्नातल्या गोष्टी. वायरमनच्या कमिशनचा त्रास तुम्हाला सर्वांत जास्त होणार. कमिशन गिऱ्हाइकाच्या खिशातून जातं आणि त्याला पत्ता नसतो, खोट तिथे आहे. मिस्त्रीने माल निवडून दिला, उतरवून घेतला, तर त्याच्या कष्टाला मोल आहेच. मी ते बिलावर वेगळ्या ओळीत लिहितो, गिऱ्हाइकाला विचारून. हे सुरू केलं तेव्हा बरेच मिस्त्री दुसऱ्या दुकानी गेले. दोन वर्षं विक्री खाली होती. त्यातले काही परत आले, काही आलेच नाहीत.

कच्च्या बिलाचं म्हणाल तर, घर बांधणाऱ्याला जीएसटीचा परतावा मिळत नसतो, म्हणून बिल नको म्हटलं की १८ टक्के सरळ वाचले असं त्याला वाटतं. त्याच्यावर चिडू नका. "पक्कं बिलच देतो" हे भाव सांगायच्या आधी सांगा. भाव ठरल्यावर सांगितलं की भांडण होतं.

सरकारी कामाचा पुरवठा मी सोडला, टक्केवारीमुळे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४, दुकानात लावून ठेवा.

पावित्र्य हा शब्द तुम्ही वापरलाय म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. विक्रीचं टार्गेट पुरं केलं की कंपन्या डीलरांना बँकॉकच्या सहली देतात. तिथे रात्री काय चालतं हे डीलरांच्या बायकांनाही ठाऊक असतं, फक्त कुणी बोलत नाही. मी गेलो नाही. त्याऐवजी क्रेडिट नोट, म्हणजे कंपनीकडच्या माझ्या खात्यात तेवढी रक्कम जमा, मागितली, मिळाली. मोहाच्या जागी उभं राहून लढण्यापेक्षा तिकडे न जाणं मला जमलं.

आणि शब्द दिला तर पाळा. स्तोत्र १५ मध्ये नुकसान सोसूनही शपथ न मोडणारा माणूस आहे. २०२२ च्या मार्चमध्ये सळईचे भाव भडकले तेव्हा एका विधवा बाईंना मी आधीच्या भावाने सगळा माल कबूल केला होता, आगाऊ रक्कम न घेता. त्या व्यवहारात घाटा झाला. प्रामाणिक राहिलात की देव दुकान भरून टाकतो, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या शेजारच्या नगावर विकणाऱ्याचं दुकान माझ्या दुप्पट आहे. झोप मात्र लागते, आणि काट्यावर कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून सळई ठेवता येते.

त्या जुन्या यादीतली दोन नावं अजून बाकी आहेत. एक कुटुंब घर विकून गेलं, दुसऱ्या घरातले आजोबा वारले आणि मुलं बाहेरगावी आहेत. घेणारा जवळचा नातलगच नसेल तर ती भरपाई परमेश्वराची, असं गणनेच्या त्याच अध्यायात आहे. पण मुलं कुठेतरी आहेत, म्हणून पाकिटं अजून तिजोरीत ठेवली आहेत आणि विचारपूस चालू आहे.