गाठ मानेत नाही, छातीत सापडली. छाती उघडावीच लागेल का?

तुम्ही म्हापशाहून विचारलंय: आईला दोनदा मूतखडे झाले, कॅल्शियम वाढून 11.8, आणि पॅराथायरॉइडची (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथीची) गाठ छातीत निघाली. छातीचं मधलं हाड कापणार का?

बहुधा नाही. फोंड्याच्या माझ्या आतेचंही हेच होतं, म्हणून काळजी समजते. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चार ग्रंथी मानेत असतात. खालच्या दोन गर्भात थायमस या छातीतल्या ग्रंथीसोबत खाली सरकतात; एखादी वाटेत न थांबता थेट छातीत उतरते. चार्ल्स मार्टेल या अमेरिकन कप्तानाची गाठ 1932 साली सातव्या ऑपरेशनात छातीत सापडली, तोवर मान पुन्हा पुन्हा उघडून झाली होती. आज सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून काढलेलं चित्र) आणि सीटी मिळून जागा आधीच कळते. जागा पक्की झाल्याशिवाय सुरी लावू देऊ नका, हे मी कळकळीने सांगते.

दुर्बिणीच्या पद्धतीत फासळ्यांमधून दोन-तीन छोटी छिद्रं पाडतात, त्या बाजूचं फुप्फुस थोडा वेळ मिटवून ठेवतात, गाठ न फोडता पिशवीतून काढतात. पीटीएच, म्हणजे या ग्रंथींचा हार्मोन, रक्तात काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी तो निम्म्याहून खाली आला का, हे टेबलावरच तपासता येतं. ही सोय आहे का, नक्की विचारा. गाठ फार मोठी किंवा चिकटलेली असेल तर मात्र हाड कापावं लागू शकतं.

बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, जाल तेव्हा एंडोक्राइन (ग्रंथींचे) आणि छातीचे सर्जन दोघांचंही मत घ्या. ऑपरेशननंतर घरी आल्यावर ओठ, बोटं मुंग्या आल्यासारखी झाली तर कॅल्शियम उतरलं असावं. लगेच डॉक्टरांना कळवा.