चक्रव्यूह आणि भूलभुलैया एकच का? चित्रांत, पुस्तकांत आणि सिनेमात त्यांचा चांगला वापर कुठे बघायला मिळेल?

एकच नाहीत. दोन्हींतला फरक नीट कळला की पुढची चित्रं आणि सिनेमे वेगळे दिसायला लागतात, म्हणून तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे. मी वडोदऱ्यात मुलांना चित्रकला शिकवते आणि हा विषय वर्गात आवर्जून घेते.

भूलभुलैयात वाटेला फाटे फुटतात. कुठे वळायचं ते आपण ठरवायचं, आणि चुकलं तर भिंत समोर येते. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातला झुडपांच्या कुंपणांचा भूलभुलैया १६९०च्या दशकातला, तो या जातीचा. पण कर्नाटकातल्या हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर चक्रव्यूह म्हणून जी आकृती कोरली आहे, तिचं कूळ निराळं. क्रीट बेटावरच्या क्नोसोसच्या जुन्या नाण्यांवर याच कुळातली आकृती आहे. फ्रान्समधल्या शार्त्र गावच्या कथीड्रलच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, फरशीवर तेराव्या शतकाच्या सुरुवातीची अकरा फेऱ्यांची आकृती आहे, जेमतेम १३ मीटर व्यासाची, तरी चालायला लागलं तर वाट सुमारे २६० मीटर भरते. या सगळ्यांत वाट एकच. फाटा नाही, निवड नाही, चुकायची सोयच नाही.

वाचून हे पटत नाही, काढूनच बघा. कागदावर मधोमध मोठं अधिकचं चिन्ह काढा. त्याच्या चार भागांत चार काटकोन काढा, कोपरा आतल्या बाजूला आणि दोन्ही हात बाहेरच्या बाजूला. चारही बाहेरच्या कोपऱ्यांत एकेक ठिपका द्या. आता काठावर सोळा टोकं झाली. अधिकच्या वरच्या टोकापासून उजवीकडच्या शेजारच्या टोकापर्यंत एक कमान काढा. मग डावीकडचं पुढचं टोक उजवीकडच्या पुढच्या टोकाला जोडा, पहिल्या कमानीच्या वरून. असं करत गेलात की आठव्या कमानीला आकृती पूर्ण होते आणि सात फेरे तयार होतात. रांगोळीचा सराव असलेल्या हाताला हे लगेच जमतं.

मग आकृतीच्या तोंडातून बोट आत घाला. बाहेरून मोजलं तर वाट आधी तिसऱ्या फेऱ्यात शिरते. तिथून आत जायच्या ऐवजी उलटी बाहेर जाते, दुसऱ्यात आणि मग अगदी काठाच्या पहिल्यात. तिथून चौथा, चौथ्यातून थेट सातवा. आता केंद्र हाताशी आलं असं वाटतं, आणि वाट परत मागे वळते, सहावा, पाचवा. या पाचव्यातून एकदम मध्यभागी. वर्गातली मुलं सातव्या फेऱ्यात ‘पोचलो!’ म्हणून ओरडतात आणि बोट पुन्हा दूर जायला लागलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. या आकृतीची सगळी ताकद इथे आहे: ती चुकवत नाही, लांबवते.

आता अभिमन्यूकडे या. द्रोणपर्वात युद्धाच्या तेराव्या दिवशी तो युधिष्ठिराला स्पष्ट सांगतो की व्यूह भेदायला वडिलांनी शिकवलंय, संकटात बाहेर पडायला नाही. बाकीच्यांनी त्याच्या मागोमाग आत घुसायचं असं ठरतं, आणि जयद्रथ त्यांना तोंडाशीच अडवतो. म्हणजे अभिमन्यूची वाट चुकली नव्हतीच, तो आत बरोबर पोचला. घात झाला तो अर्ध्या ज्ञानामुळे आणि मागची वाट बंद झाल्यामुळे. हे ध्यानात घेतलं की हळेबीडच्या शिल्पकाराने फाटे नसलेली आकृती का निवडली असेल ते मला तरी नीट पटतं.

ग्रीक कथेत मात्र एक पेच आहे. क्रीटच्या भूलभुलैयात राक्षसाला मारायला शिरणाऱ्या थीसियसला परत येण्यासाठी राजकन्या एरियाडनी दोरा देते. वाट एकच असेल तर दोरा कशाला? कथेतली वास्तू फाटे फुटणारी आणि नाण्यावरचं चित्र एकाच वाटेचं, हा विसंवाद शतकानुशतकं तसाच राहिला आहे. म्हणून मी आकृतीपेक्षा दुसऱ्या गोष्टीकडे बघते: नकाशा कोणाकडे आहे? क्रीटमध्ये तो बांधणाऱ्या डेडलसच्या डोक्यात आहे, कुरुक्षेत्रावर द्रोणांच्या. आत शिरणाऱ्याकडे तो नसतो किंवा अर्धाच असतो, आणि चांगली गोष्ट या अंतरावर उभी राहते.

पुस्तकांत या कसोटीला सगळ्यात उतरते ती उंबेर्तो एकोची ‘द नेम ऑफ द रोझ’ ही १९८०ची कादंबरी. मठातलं ग्रंथालयच भूलभुलैया आहे आणि रहस्य तिथेच दडलंय. रहस्याचा शोध घेणारा साधू विल्यम आत भटकून दमतो आणि शेवटी इमारतीच्या बाहेर उभा राहून, खिडक्या आणि भिंती बघून, आतला आराखडा तर्काने मांडतो. ती पानं मी पुन्हा पुन्हा वाचते. १९८६च्या सिनेमात याचे मजल्यांमागून मजले चढणारे जिने केले आहेत. दिसायला ते जबरदस्त आहे, पण कागदावर नकाशा मांडत जाण्याचा आनंद त्यात उरत नाही.

सिनेमात पहिलं नाव स्टॅन्ली क्युब्रिकच्या ‘द शायनिंग’चं, तोही १९८०चा. (पुढे शेवट सांगतेय, सिनेमा बघायचा असेल तर हा परिच्छेद सोडा.) स्टीफन किंगच्या मूळ कादंबरीत कुंपणांचा भूलभुलैया नाहीच, तिथे प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आहेत. भूलभुलैया सिनेमाने आणला. आई, बाप आणि मुलगा ज्या हॉटेलात राहतात, त्याच्या दालनात या भूलभुलैयाची छोटी प्रतिकृती ठेवलेली आहे. बाप तिच्यावर वाकून बघतो, आणि पुढच्या दृश्यात तेच वरून दिसतं, मधोमध मुंगीएवढी आई आणि मुलगा चालताना. नकाशा बापाच्या हातात आहे असं आपण त्या क्षणी धरून चालतो. शेवटी बाप मारायला मागे लागलेला असताना, बर्फात मुलगा स्वतःच्याच पाऊलखुणांवर पाय ठेवत मागे येतो, बाजूला उडी मारतो आणि खुणा पुसतो. बाप त्या खुणांच्या भरवशावर आलेला असतो, तो आत गोठून मरतो. आत फिरून फिरून वाट पायांत मुरवलेला मुलगा वाचतो.

आपल्याकडे बांधलेला भूलभुलैया म्हणजे लखनौचा बडा इमामबाडा, १७८४मध्ये सुरू झालेला. शत्रूला अडकवायला तो केला असं तिथे हमखास ऐकायला मिळतं. पण सुमारे ५० मीटर लांबीच्या दालनावर एकही तुळई नाही, आणि भिंतींत, छतात पोकळ वाटा ठेवल्यामुळे त्या डोलाऱ्याचं वजन कमी होतं. मला हे कारण कितीतरी जास्त सुंदर वाटतं.

चित्रांत डच चित्रकार एशरच्या १९५३च्या ‘रिलेटिव्हिटी’पासून सुरुवात करतात, ते योग्यच आहे. पण मी चित्रकार गुलाममोहम्मद शेखांचं ‘सिटी फॉर सेल’ आधी बघा म्हणेन. १९८१ ते ८४ या काळात केलेलं हे आमच्या वडोदऱ्याचं चित्र, आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात भूलभुलैया काढलेला नाही, पण नजर मांडवीच्या पोळांत, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांत, शिरल्यासारखी एका प्रसंगातून दुसऱ्यात जाते आणि बाहेरची वाट तिला सापडत नाही.

आणि वडोदऱ्याला आलात तर कीर्तिमंदिर चुकवू नका. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ दरम्यान तिथल्या भिंती रंगवल्या, त्यातली एक महाभारत युद्धाची आहे. हळेबीडसारखी वरून दिसणारी आकृती तिथे शोधू नका, तिथे रणातली गर्दी आहे. दोन्ही बघितलीत तर एकाच युद्धाकडे बघायच्या दोन जागा मिळतील: एक द्रोणांची, एक रणात उभ्या असलेल्याची.

सुरुवात कुठून करायची असं विचारलंत तर आधी ती आठ कमानींची आकृती, मग एकोची कादंबरी, मग ‘द शायनिंग’. कादंबरी वाचताना शेजारी पेन्सिल आणि कोरा कागद ठेवा.