सर्व्हरवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ का येते?
नाशिकच्या कार्यालयातील संगणकावर नीट चालणारे द्राक्षनोंदणीचे अ‍ॅप प्रत्यक्ष सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेसशी जोडताना ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश देते, असे आपण विचारले आहे. हा संदेश पासवर्डविषयी काहीच सांगत नाही. विनंती यंत्रापर्यंत पोहोचली, पण पोस्टग्रेसच्या पोर्टवर (यंत्रावरील सेवेच्या क्रमांकित दारावर) कोणी ऐकत नव्हते, असाच त्याचा अर्थ बहुधा असतो (फायरवॉलने, म्हणजे नको त्या जोडण्या रोखणाऱ्या यंत्रणेने, ती अडवली असती, तर सहसा टाइमआउट, म्हणजे वाट पाहून वेळ संपल्याचा संदेश, आला असता). डेटाबेस वेगळ्या यंत्रावर असूनही सेटिंगमध्ये ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘हेच यंत्र’) राहिले असेल, तर अ‍ॅप स्वतःच्याच यंत्रावर पोस्टग्रेसचे नेहमीचे ५४३२ पोर्ट शोधते, म्हणून प्रथम तेच पाहावे. ते बरोबर असल्यास डेटाबेसच्या यंत्रावरील ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ (कोणत्या पत्त्यांवर ऐकायचे ते ठरवणारी सेटिंग) तपासावे. मूळ सेटिंगनुसार पोस्टग्रेस केवळ लोकलहोस्टवर ऐकतो, आणि हे मूल्य बदलल्यावर रीलोड (चालू सेवेला सेटिंग पुन्हा वाचायला लावणे) पुरत नाही, सेवा पुन्हा सुरू करावी लागते. घाईत हे पोर्ट साऱ्या इंटरनेटला मात्र कृपया खुले करू नका. केवळ अ‍ॅपच्या सर्व्हरच्या पत्त्याला परवानगी द्या.