निरांजनात अंजन नाही

देवळातल्या आरतीच्या तबकातील तुपाच्या दिव्याला निरांजन म्हणावे की निरंजन, आणि 'काजळी न धरणारा दिवा' हा त्याचा अर्थ खरा आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे.

दिवा तो निरांजन. निरंजन हे परब्रह्माचे विशेषण. 'निः' आणि 'अंजन' यांचा संधी करून हा दिवा काजळीरहित ठरवणारी व्युत्पत्ती प्रवचनांतून इतक्या वेळा कानावर येते की आता ती ऐकवत नाही. तुपाच्याच दिव्यावर पालथी वाटी धरून घरोघरी काजळ पाडले जात असे, हेही सांगणाऱ्यांना आठवत नाही.

मूळ संस्कृत शब्द 'नीराजन'. निर् या उपसर्गापुढे राज्, म्हणजे झळकणे, हा धातू आला, पहिला र लोपला आणि मागचा इकार दीर्घ झाला. नीरोग आणि नीरस हे शब्द असेच घडले आहेत. काही पंडित 'नीर', म्हणजे पाणी, आणि 'अजन', म्हणजे टाकणे, असे तोडून त्यात शांतिजलाचे शिंपण पाहतात, ते मला मुळीच मान्य नाही. मांडलिकांच्या मुकुटमण्यांच्या किरणांनी राजाचे चरण 'नीराजित' झाले, म्हणजे उजळले, असे वर्णन संस्कृतात येते. तिथे पाण्याचा थेंब तरी कुठे आहे?

खरा आनंद मात्र पुढे आहे. नीराजन हा मुळात देवळातला नव्हे, तर सैन्याचा विधी. कौटिल्याने आश्विनाच्या नवमीला घोड्यांची नीराजना, म्हणजे ओवाळणी, सांगितली आहे, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे, आणि अमरकोश या संस्कृत शब्दकोशात हा शब्द राजांच्या शस्त्रविधीसाठी, क्षत्रियवर्ग या भागात येतो. देव हाच राजा मानून त्याला छत्रचामरादी राजोपचार अर्पण होऊ लागले, तेव्हा हा विधीही गाभाऱ्यात आला असावा, असे माझे ठाम मत आहे. आपली खंडेनवमी आश्विन शुद्ध नवमीलाच येते, त्या दिवशी शस्त्रे पुजली जातात, हा मला योगायोग वाटत नाही.

मराठीतला अनुस्वार बहुधा निरंजनाच्या प्रभावाने आला. तो आता रुळला आहे, म्हणून मराठीत ऱ्हस्व 'निरांजन'च लिहावे. पूजेच्या संस्कृत वाक्यात मात्र 'महानीराजनदीपं समर्पयामि' असाच उच्चार हवा. कालिदासाच्या रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूच्या अश्वनीराजनेच्या वेळी होमाच्या ज्वाळा उजवीकडे वळतात आणि अग्नी जणू त्या ज्वाळांच्या हातानेच रघूला जय देतो. आपणही आरती त्याच दिशेने ओवाळतो.